गटाला मोबाईल शिकवायचाय? आधी रजिस्टर उघडा

गावातल्या बचत गटाला व्हॉट्सॲप, गुगल शीट, यूपीआय असं सगळं शिकवायचं काम तुमच्याकडे आलंय. तुम्ही सीआरपी, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणारी कार्यकर्ती असाल, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते असाल, एनएसएसच्या शिबिराला आलेले विद्यार्थी असाल, नाहीतर गटातल्याच एखाद्या ताईची शिकलेली लेक असाल. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर सुरुवात कुठून करायची आणि कुठे थांबायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी एक समजूत सोडून द्या. बायकांना मोबाईल येत नाही, असं धरून गावात जाऊ नका. पुण्याला कामाला असलेल्या मुलाशी व्हिडिओ कॉल, यूट्यूबवर रेसिपी, रात्री रील, हे त्या रोज करतात. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. गटाचं काम बारा जणींनी मिळून फोनवर कसं करायचं, ते त्यांनी कुणाला करताना पाहिलेलं नसतं. त्यामुळे फोन शिकवायच्या मागे लागू नका. गट आधीपासून करत असलेलं एखादं काम निवडा आणि तेवढंच फोनवर आणा.

हे सांगायला कारण आहे. केंद्र सरकारने २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केलं. त्यात घरटी एका माणसाला वीस तासांचं प्रशिक्षण होतं. एकट्या माणसाला फोन हाताळता यावा म्हणून ते योग्यच होतं, पण गटाचं काम गट म्हणून शिकावं लागतं. नाबार्डने २०१५ मध्ये बचत गटांचे हिशेब संगणकावर आणण्याचा ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत झारखंडचं रामगढ आणि आपलं धुळे होतं. त्यात माहिती भरायला नेमलेली माणसं होती आणि सदस्यांना त्यांच्या भाषेत एसएमएस जायचा. बँकेला गटाचा व्यवहार दिसू लागला, हा त्याचा मोठा फायदा. आता उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांचे व्यवहार लोकओएस ॲपवर भरले जातात. ती सरकारी नोंद आहे आणि ती चालूच राहील. आपण बोलतोय ते तिच्या अलीकडचं: गटातल्या प्रत्येक बाईला आपल्या गटाचा हिशेब आपल्या हाताने बघता यावा, आणि त्यात भर घालता यावी.

पहिल्या बैठकीत काहीही शिकवू नका

नुसतं जाऊन बसा. रजिस्टर कोण लिहितं, पैसे कोण मोजतं, वाद कुठे होतो, ते बघा. बहुतेक गटांत दिसणारं चित्र असं असतं: सचिव ताई लिहितात, बाकीच्या सही करतात किंवा अंगठा देतात, आणि पुढचा महिनाभर रजिस्टर सचिव ताईंच्या घरात. जी बैठकीला आली नाही तिला काय ठरलं ते कुणाच्या तरी तोंडून कळतं. मग पुढच्या बैठकीत "मी मागच्या वेळी दोनशे दिले होते की" यावर अर्धा तास जातो. चोरी कुणीच केलेली नसते, पण कागद एकीकडेच असल्यामुळे संशय सगळीकडे फिरतो.

बैठक उठल्यावर फोनची माहिती घ्या. ही माहिती सगळ्यांसमोर विचारू नका. "तुझा स्वतःचा फोन आहे का गं?" हा प्रश्न चारचौघींत विचारला की जिच्याकडे नाही ती मान खाली घालते आणि पुढच्या वेळी येत नाही. एकेकीशी बोलून वहीत लिहा: फोन टचचा की बटणाचा, तिचा की घरातला, सिम कुणाच्या नावावर, घरी रेंज येते का, मराठी वाचायला किती जमतं. बारा जणींच्या गटात बारा स्मार्टफोन निघणार नाहीत, हे धरूनच पुढची आखणी करायची.

त्यावर तोडगा म्हणजे जोड्या. जिच्याकडे स्मार्टफोन आहे तिच्यासोबत जिच्याकडे नाही ती. दोघी शेजारी राहणाऱ्या असाव्यात, आणि एकमेकींशी बोलणाऱ्या असाव्यात. जावा-जावांची जोडी लावण्याआधी चौकशी करा. बटणाच्या फोनवाली गटाबाहेर पडता कामा नये. ग्रुपवर आलेला निरोप तिला त्याच दिवशी सांगायचा, ही जोडीदारणीची जबाबदारी.

पहिलं काम: रजिस्टरच्या पानाचा फोटो

मी नेहमी इथूनच सुरू करायला सांगतो. बैठक संपली, सह्या झाल्या, की त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. नवीन ॲप घ्यायला नको, टायपिंग नको, वाचता न येणारीलाही घरच्या कुणाकडून वाचून घेता येतं. जो वाद पहिल्या बैठकीत पाहिलात, त्यावरच हा उपाय आहे. त्यामुळे फोन कशासाठी, हे समजावून सांगत बसावं लागत नाही.

फोटो मात्र नीट काढायला शिकवा. वही जमिनीवर सपाट ठेवायची, दिवसाउजेडी दाराजवळ किंवा ओट्यावर. फोन बरोब्बर वरून धरायचा, आपली सावली पानावर पडू द्यायची नाही. चारही कोपरे आत आले पाहिजेत. काढल्यावर बोटांनी मोठा करून बघायचा, आकडे वाचता आले तरच पाठवायचा. गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये कागद स्कॅन करायची सोय असते, पण ती दुसऱ्या महिन्यात दाखवा.

आता एक नाजूक गोष्ट, आणि इथे घाई अजिबात चालणार नाही. रजिस्टरमध्ये कुणाचं कर्ज किती, कुणाचा हप्ता थकलाय, हे सगळं असतं. ग्रुपवर टाकलं की ते बारा घरांत जातं, कारण अर्धे फोन घरातले असतात. नवऱ्याला न सांगता मुलीच्या फीसाठी कर्ज काढलेली बाई प्रत्येक गटात असते. तिच्या कर्जाची गोष्ट आजवर बैठकीच्या चार भिंतींत राहिली, तशीच ती राहिली पाहिजे. म्हणून पहिला फोटो टाकण्याआधी बैठकीत हा विषय घ्या आणि निर्णय बायकांनाच करू द्या. बहुतेक ठिकाणी चालेल अशी विभागणी सांगतो: हजेरी, त्या दिवशी जमा झालेली एकूण बचत, हातातली शिल्लक, झालेले ठराव आणि पुढच्या बैठकीची तारीख ग्रुपवर. जिचं तिचं कर्ज आणि थकबाकी फक्त तिला एकटीला, आणि तेही तिला फोनवर हवं असेल तरच. रजिस्टरची रचना अशी नसेल तर नावांचा रकाना कागदाने झाकून फोटो काढा. आधारकार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, सह्यांचे नमुने कधीही ग्रुपवर नकोत. ठरलेलं सगळं ठराव म्हणून रजिस्टरात लिहून घ्या. त्यामुळे उद्या कुणी ॲडमिन बदलली तरी नियम टिकतो.

फोन कामाला तयार करणं

एक पूर्ण बैठक यातच जाईल, जाऊ द्या. जवळपास प्रत्येक फोनची जागा भरलेली असते. गुड मॉर्निंगची फुलं, लग्नाचे व्हिडिओ, नको ती ॲप. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा या ठिकाणी जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. त्याने जागा वाचते आणि नेट पॅकही दिवसभर पुरतो. काय पुसायचं ते बाईने स्वतः ठरवायचं. नातवाचा व्हिडिओ तुमच्या हातून पुसला गेला तर तुमच्यावरचा विश्वासही त्याच्याबरोबर गेला.

अक्षरं मोठी करून द्या. चाळिशी उलटलेल्या कितीतरी जणींना "मला मोबाईल जमत नाही" असं वाटतं, आणि खरी अडचण चष्म्याची असते. मराठी कीबोर्ड लावा, त्यातला माइक दाखवा. गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलली तर गडबड होते, तेव्हा बोलीत सरळ व्हॉइस मेसेजच पाठवलेला बरा. फोनची भाषा मराठी करायची का, हे तिला विचारा. घरी मदत करणारा मुलगा इंग्रजी मेनूला सरावलेला असेल तर भाषा बदलल्यावर दोघेही अडकतात. शब्दांपेक्षा चिन्हांवरून शिकवा: कागदी विमान म्हणजे पाठवा, तीन ठिपके म्हणजे आणखी पर्याय, बाण म्हणजे मागे.

फोन हातात घेऊ नका

शिकवणाऱ्याने पाळायचा हा सगळ्यात अवघड नियम. बाई अडली की आपला हात पुढे जातो, दोन टिचक्यांत काम होतं, ती "बरं झालं" म्हणते आणि काही शिकत नाही. हात मागे बांधून उभे राहा. तोंडाने सांगा, बोटाने दाखवा, पण स्क्रीनला स्पर्श तिचाच. वेळ लागेल. शांत बसायची सवय करा.

भीती घालवायला उलटीकडून सुरुवात करा. "काहीतरी दाबलं आणि बिघडलं तर? पैसे गेले तर?" ही धास्ती खरी असते, तिच्यावर हसू नका. म्हणून मेसेज पाठवायला शिकवण्याआधी तो पुसायला शिकवा. प्रत्येकीला ग्रुपवर मुद्दाम एक चुकीचा मेसेज टाकायला सांगा, मग तो दाबून धरून सगळ्यांसाठी पुसायला लावा. दोन दिवसांपर्यंत असं पुसता येतं. चूक मागे घेता येते हे एकदा बोटांना कळलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

त्यानंतर व्हॉइस मेसेज. माइक दाबून धरायचा, बोलायचं, सोडायचा. मोठं बोलायचं असेल तर माइक वर सरकवून कुलूप लावायचं. अक्षरओळख कमी असलेली बाई जेव्हा "पुढच्या बैठकीला मी येणार नाही, माझी बचत सुनेकडे देते" असं स्वतःच्या आवाजात ग्रुपवर सांगते, तेव्हा ती ग्रुपची खरी सदस्य होते. लिहिता येणाऱ्या दोघी-तिघीच बोलत राहिल्या तर कागदावरची जुनी उतरंड फोनवरही तशीच उभी राहते.

ग्रुपचे नियम थोडेच ठेवा. ॲडमिन किमान दोन, आणि दोघीही गटातल्याच. तुम्ही ॲडमिन होऊ नका. नवरे, मुलं, सरपंच कुणालाही ग्रुपमध्ये घ्यायचं नाही. देवाचे फोटो आणि फॉरवर्ड यांच्यावर बंदी घालून भांडण ओढवून घेण्यापेक्षा त्यासाठी दुसरा ग्रुप काढून द्या. बायका तिकडे मजेत गप्पा मारतील आणि कामाचा ग्रुप मोकळा राहील. बैठकीची वेळ ठरवायला पोल वापरून बघा. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीनच पर्याय, प्रत्येकापुढे सूर्य किंवा चंद्राचं चित्र.

शिकवायच्या तारखा मात्र शेताकडे बघून धरा. सोयाबीनच्या काढणीत आणि कापसाच्या वेचणीत कुणी येणार नाही, आणि येऊ नये. मजुरी बुडवून मोबाईल शिकायला का बसावं? रेंज कुठे येते ते बायकांनाच विचारा. देवळाचा ओटा, शाळेची गच्ची, पाण्याची टाकी, जिथे येत असेल तिथे बसा.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात: सामायिक हिशेब

पानाचा फोटो सलग दोन-तीन बैठका न चुकता पडला, तुम्ही आठवण न करता पडला, की गुगल शीटकडे वळा. त्याआधी नाही. शीट सगळ्यांना शिकवायची गरज नाही. आकडेमोडीची आवड असलेल्या दोघी निवडा, शक्यतो सचिव आणि एखादी दहावी-बारावी झालेली तरुण सून. भरायचा अधिकार त्या दोघींना, बाकीच्यांना द्यायचाच तर फक्त बघायचा. शेअर करताना हा पर्याय येतो, तो त्यांनाच निवडू द्या. "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय टाळा.

रकाने रजिस्टरात आहेत तेच आणि त्याच क्रमाने: नाव, बचत, कर्जफेड, व्याज, दंड, एकूण. रजिस्टरात नाही असा रकाना घालायचा मोह आवरा. आकडे इंग्रजी अंकांत भरायला सांगा, देवनागरी अंकांच्या बेरजेचा भरवसा धरू नका. बेरीज आपोआप होते हे पहिल्यांदा दाखवताना आधी कागदावर हाताने बेरीज करून घ्या, मग शीटमधली बघा. दोन्ही जुळल्या की विश्वास बसतो. नाही जुळल्या तर चूक शोधायची बैठक ही सगळ्यात चांगली शाळा. शीट ऑफलाइन ठेवायची खूण करून द्या, म्हणजे रेंज नसतानाही भरता येईल. कागदी रजिस्टर बंद करायचं नाही. बँक, ऑडिट आणि ग्रामसंघ (गावातल्या सगळ्या गटांचा मिळून असलेला संघ) तेच मागतात, सह्या त्याच्यावरच असतात. शीटमध्ये गटाचा पूर्ण हिशेब येणार, त्यामुळे ती बघण्याचा अधिकार कुणाकुणाला, हा प्रश्न पुन्हा बैठकीत न्या.

पैसे आणि फसवणूक

यूपीआय बायका मागून घेतात, कारण दुकानात सगळीकडे तो चौकोनी कोड लागलेला असतो. पण गटाच्या पैशात एक गोम आहे. गटाचं बँक खातं दोघी-तिघींच्या सहीने चालतं, आणि अशा खात्यावरून यूपीआयने पैसे काढणं सहसा होत नाही. मग सोपा मार्ग म्हणून सगळ्या जणी सचिव ताईंच्या खासगी नंबरवर बचत पाठवू लागतात. हे होऊ देऊ नका. तिचा हेतू कितीही चांगला असला तरी गटाचा पैसा आणि घरचा पैसा एका खात्यात मिसळला की हिशेब सांगणं तिलाच जड जातं. यूपीआय ॲपमधून खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड टाकून थेट गटाच्या खात्यात पैसे भरता येतात. ते शिकवा. पहिल्यांदा एक रुपया पाठवून बघायचा. पाठवल्यावर येणारा बारा आकडी व्यवहार क्रमांक रजिस्टरात लिहायचा. स्क्रीनशॉट पुरावा धरायचा नाही, तो बनवता येतो. पासबुक भरून आणल्यावरच नोंद पक्की. आणि जिला रोखच द्यायचं आहे तिला रोख देऊ द्या.

बटणाच्या फोनवरही यूपीआय चालतं. यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ मध्ये खास त्यासाठी आली.

फसवणुकीसाठी वेगळी बैठक ठेवा आणि ती पैशाच्या बैठकीच्या आधी घ्या. भाषण देऊ नका. खोटे मेसेज दाखवा आणि यात काय खटकतं ते बायकांना शोधू द्या. योजनेचा हप्ता अडकलाय, ही फाइल उघडून अर्ज भरा, असा मेसेज येतो आणि सोबत एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, असते. ती उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं, आणि तेही जोडीदारणीला विचारून. "चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, सांगता का?" असं ओळखीच्या नंबरवरून आलं तरी सांगायचा नाही, त्याने व्हॉट्सॲपच हातचं जातं. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन तिथल्या तिथे लावून घ्या. आणि एक वाक्य सगळ्यांकडून म्हणून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे द्यायलाच लागतो. कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील, असं कुणी सांगितलं तर तो चोर.

तरीही पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा. जितका लवकर, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. याहून महत्त्वाचं म्हणजे, जिचे पैसे गेले तिला गटाने बोल लावायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या. घरच्यांच्या भीतीने बाई दोन दिवस गप्प बसते, आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात.

तुमचं काम संपवताना

सुरुवातीलाच तारीख सांगून टाका की अमुक महिन्यानंतर मी येणार नाही. त्या तारखेपर्यंत काय काय गटाच्या हातात गेलं पाहिजे त्याची यादी सचिव ताईंसोबत करा. शीट ज्या गुगल खात्यात आहे ते गटाच्या नावाने उघडलेलं असावं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, गटाच्या पेटीत कुलपात. खातं परत मिळवायचा नंबर गटातल्या बाईचा, तुमचा नाही. तुमच्या फोनमध्ये राहिलेले रजिस्टरचे फोटो त्यांच्यासमोर पुसा.

नंबर बदलले का, हे दर तीन महिन्यांनी बैठकीत विचारायची सवय लावून जा. रिचार्ज न करता नंबर बरेच दिवस बंद राहिला तर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते, आणि तोवर जुना नंबर ग्रुपमध्ये तसाच असतो. कुणी गट सोडला, लग्न होऊन गावाबाहेर गेली किंवा कुणाचा फोन हरवला, तर त्याच दिवशी नंबर काढायचा आणि शीट बघण्याचा तिचा अधिकारही बंद करायचा. हे कोण करणार, तिचं नाव ठरावात लिहा.

शेजारच्या गटाने "आम्हालाही शिकवा" म्हटलं तर तुम्ही जाऊ नका, या गटातल्या दोघींना पाठवा. २०१५ मध्ये गुगल आणि टाटा ट्रस्टने सुरू केलेल्या इंटरनेट साथी उपक्रमात गावातल्याच बायका सायकलवर फोन आणि टॅबलेट घेऊन आसपासच्या गावांत शिकवायला जायच्या. बाहेरच्या माणसाला जे प्रश्न बायका विचारत नाहीत ते त्या एकमेकींना विचारतात. जाणाऱ्या दोघींचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी ग्रामसंघाच्या बैठकीत आधी मंजूर करून घ्या.